हौसाबाईंचा पत्ता

तुम्ही खोटं बोललात, साहेब. परवा त्या मोठ्या सभागृहात, गळ्यात हार असताना, माईकवर सांगितलंत की 'ओसरी'तल्या एकाही बाईच्या केसाला आजवर धक्का लागलेला नाही. बारा हजार बहिणी सुखरूप आहेत म्हणालात. टाळ्या पडल्या. मी टीव्हीसमोर जेवत होते, घास हातातच राहिला. त्या बारा हजारांत तुम्ही कुणाकुणाला मोजलंय ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. शहराचं नाव लिहीत नाही, वकिलानं नको म्हणून सांगितलंय. तुमचंही लिहीत नाही. तुम्हाला बरोबर कळेल.

सहा वर्षांपूर्वीचं नवरात्र. दुसरी माळ होती. आमच्या संगणक केंद्रात तांबवेकर सरांच्या टेबलापुढं मी आणि इर्शाद नदाफ उभे होतो आणि सर आमच्याकडं न बघता उपासाची साबुदाणा खिचडी खात होते.

"सर, पॅच आलाय," मी म्हणाले. "कंपनीनं सगळ्यांना तातडीची सूचना पाठवलीय. आपल्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलंय."

"मग?"

"मग बुजवायचं. अर्धा तास मशीन बंद ठेवावं लागेल."

"घट बसलेत, वैजयंता."

आमच्याकडं ही पद्धत होती. दर दसऱ्याला तुम्ही मुहूर्तानं कसलं ना कसलं बटण दाबायचात. त्यात विघ्न नको म्हणून घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही असा तुमच्या कार्यालयातनं हुकूम यायचा. नुसता हुकूम नाही, आमचे अधिकारच काढून घ्यायचे. नऊ दिवस आम्हाला सगळं दिसायचं, करता काही यायचं नाही. शिवाय सर्व्हरच्या कपाटाला हळदकुंकू, झेंडूची माळ, खाली समई. मशीन गार राहावं म्हणून खोलीत एसी लावायचा आणि त्याच खोलीत समई पेटवायची, असा कारभार. याला सगळं ऑफिस 'घट बसले' असंच म्हणायचं.

इर्शाद म्हणाला, "सर, आमच्यात घट नसतात. मी लावू का हात?"

"तू गप रे. तुझ्या विनोदानं माझी नोकरी जाईल."

"विनोद नाही सर. हे बघा तरी. दहापैकी नऊ पॉइंट आठ धोका लिहिलाय त्यांनी. बाहेरचा कुणीही, पासवर्ड न देता, वेबच्या दारातनं आत येतो आणि सगळं वाचून जातो. कुलूप आहे, कडी आहे, पण दाराला बिजागरीच नाही असं समजा."

तांबवेकर सरांनी चमचा खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण भित्रा. बदलीला भ्यायचा, फोनला भ्यायचा, तुमच्या ड्रायव्हरलासुद्धा नमस्कार घालायचा.

आत काय ठेवलं होतं ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं. 'ओसरी' म्हणजे जीव वाचवायला घर सोडून पळालेल्या बायकांची योजना. त्यांना दुसऱ्या गावात खोली, काहीतरी काम आणि वरनं शांतता द्यायची. बाई कुठं राहते हे तिच्या सख्ख्या आईलाही सांगायचं नाही असा नियम होता. खरा पत्ता एकाच ठिकाणी असायचा, आमच्या डेटाबेसमध्ये. बाकी जगाच्या दृष्टीनं त्या बायका हरवलेल्या. त्यांचं हरवलेपण सांभाळायचा पगार मी घेत होते. मी बी.कॉम. झालेली, कंत्राटी. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं, सायबर कॅफेत बसून एकेक ओळ करत शिकले होते. त्यामुळं मला त्याची किंमत होती.

सरांनी तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर टाकला, कारण एकट्यानं ऐकायची त्यांची छाती नव्हती. तुमचा आवाज मला अजून तस्साच ऐकू येतो.

"तांबवेकर, दसऱ्याला बटण दाबलं आणि पडदा काळा राहिला तर मी काय करू? आरती म्हणू?"

तुमच्या खोलीतली माणसं हसली.

मी म्हणाले, "साहेब, आतमध्ये बायकांचे पत्ते आहेत."

"कोण बोलतंय?"

"कंत्राटी आहे सर ती," तांबवेकर घाईनं म्हणाले.

"बाई, इतके दिवस ते भोक होतंच ना? कोण मेलं? मग अजून आठ दिवसांत कोण मरतंय?"

फोन ठेवलात तुम्ही. तांबवेकर सरांनी खिचडीचा डबा बंद केला. "बघितलंस ना," एवढंच बोलले.

दुपारी कॅन्टीनमध्ये सारिकानं माझ्यापुढं चहा ठेवला. सारिका आमच्याच कॅन्टीनला होती, 'ओसरी'नंच तिथं लावलेली. ती त्या योजनेतली आहे हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं आणि मला माहीत आहे हे मी तिला दाखवलं नव्हतं. तिची नोंद मी स्वतः तपासलेली. नवऱ्याचं नाव दत्तू. पळून येताना तिनं बरोबर काय आणलं होतं, तर सासू. नवरा मारायचा आणि आडवी पडते म्हणून तो आईलाही मारायचा. तिचा हात त्यानंच मोडलेला. एके दिवशी दोघी मिळून बाजाराला म्हणून निघाल्या त्या परत गेल्याच नाहीत. सासूची वेगळी नोंद होती. हौसाबाई, वय सदुसष्ट, नातं या रकान्यात 'छळ करणाऱ्याची आई'. मी दुसरीकडं कुठं असली नोंद पाहिली नाही.

"मॅडम, तोंड का पाडलंय?" सारिकानं विचारलं.

"उपास आहे."

"उपासाला मिसळ खाताय व्हय?"

समोर मिसळच होती. मी हसले. तेव्हा हसू आलं होतं.

सहाव्या माळेला इर्शाद माझ्या टेबलाशी आला आणि त्यानं त्याचा मोबाईल पुढं धरला. मेसेजच्या एका ॲपवर कुणीतरी खिडकी उघडली होती. नाव टाका, गाव टाका, किरकोळ पैसे भरा, पत्ता घ्या. जाहिरातीचं वाक्य असं होतं: 'पळून गेलेली बायको शोधा.'

"आपलंच आहे?" मी विचारलं.

"तूच बघ. एखादं नाव टाक."

मला दुसरं नाव आठवलंच नाही. मी सारिकाचं टाकलं, तिच्या सासरचं गाव टाकलं. इर्शादनं पैसे भरले. आम्ही थांबलो. मग पडद्यावर ओळी आल्या. तिचं नाव, तिच्या खोलीचा पत्ता, गल्ली, मारुतीच्या देवळामागं, वरचा मजला. खाली अजून एक ओळ: 'याच पत्त्यावर: हौसाबाई.' आमच्याकडं होतं तसंच्या तसं. आम्ही पत्ता लिहिताना घातलेली चूकसुद्धा तशीच.

"नेलं," इर्शाद म्हणाला. "सगळं कपाट उचलून नेलं, वैजू."

आम्ही तांबवेकर सरांकडं पळालो. त्यांनी पडदा बघितला आणि घाम पुसला. पुन्हा फोन. या वेळी तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं की आता काहीतरी होईल.

"बाहेर गेलंय म्हणता?" तुम्ही विचारलंत.

"हो साहेब."

"मग आता बंद करून काय उपयोग? गेलेलं परत येणार आहे का?"

मी म्हणाले, "साहेब, रोज नव्या बायका येताहेत. त्यांचे पत्तेही जातील. आणि गेलेत त्यांना निदान सांगायला तरी हवं. सगळ्यांना हलवायला हवं."

"हजारो बायका हलवायच्या? दसऱ्याच्या तोंडावर? पेपरात काय छापून येईल कळतंय का तुम्हाला? तांबवेकर, ही गोष्ट तुमच्या खोलीबाहेर गेली तर तुम्ही गडचिरोलीला. दसरा झाला की पॅच लावा, आणि तोवर कुणी बोलायचं नाही."

मी मशीनवर बसले. सूचना वाचल्यापासून रोज बसत होते. पॅच लावायची आज्ञा दिली की तेच उत्तर यायचं: आपल्याला अधिकार नाही. कपाटाजवळ गेले तर त्याची किल्ली तुमच्या कार्यालयात. झेंडूच्या माळा तेवढ्या सुकत चाललेल्या, खाली समई जळतेय.

बोलायचं नाही म्हणालात. मी सरळ कॅन्टीनमध्ये गेले आणि बोलले. सारिकाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनं ओल्या हातानं पदर सारखा केला.

"म्हणजे त्याला कळलं?"

"कळलं असं नाही. पण विचारलं तर कळेल."

"तो विचारणार. त्याला दुसरं काम काय हाय?" मग म्हणाली, "दुसरी खोली बघते."

"बघ."

"पण ती खोली परत तुमच्याच मशीनात घालायला लागते न्हवं? न्हाई घातली तर भाडं बंद, काम बंद."

ती म्हणत होती ते खरं होतं. लपायचं असेल तर आधी कुठं लपणार ते तुम्हाला कळवायचं.

"माझ्या घरी या दोघी," मी म्हणाले. "मशीनात काही घालायचं नाही. मी एकटी असते. आजच या."

आम्ही पोलीस चौकीत जाऊन आलो. तिथल्या हवालदारानं नवरा आलाय का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग आल्यावर फोन करा." तिथनं खोलीवर गेलो.

खोली लहान होती, स्वच्छ होती. कोपऱ्यात पत्रावळीवर माती, मातीत घट, भोवती हिरवंगार धान उगवलेलं, वर सहा माळा आणि शेजारी दिवा. हौसाबाई दिव्यात तेल घालत होत्या, डाव्या हातानं, कारण उजवा नीट वळायचा नाही. सारिकानं त्यांना भराभर सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"या बाई मशीनवाल्या?" त्यांनी मला बघून विचारलं.

"हो."

"मशीनला काय झालंय?"

"भोक पडलंय आजी."

"मग बुजवा की."

"बुजवू देत नाहीत. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही म्हणतात."

"का? तुमच्या मशीनचे पण घट बसलेत?"

मी मान हलवली. म्हातारी इतकी हसली की तेलाची बाटली खाली ठेवावी लागली. सारिका चिडली. "आत्याबाई, हसताय काय? पिशवी भरा. आत्ता जायचंय."

"मी न्हाई येत."

"का?"

"घट बसवलाय. उठवल्याशिवाय जागा सोडायची न्हाई. तू जा बाईंच्या घरी. मी दसऱ्याला घट उठवते आणि येते."

"त्यानं येऊन मारलं तर?"

"त्याला मी जन्म दिलाय सारिका. तो काय करतोय ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाव हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्याच्या घरात चार वर्षं घट बसवू दिला न्हाई त्यानं. पहिल्याच माळेला लाथेनं उडवला होता. हितं आल्यापासनं बसवतेय. हा मी अर्धा टाकून जाणार न्हाई."

सारिकानं सासूला एकटं सोडायला नकार दिला. मी खूप सांगितलं. शेवटी ठरलं ते असं: दार आतनं लावून घ्यायचं, कुणाला उघडायचं नाही, सारिकानं कामावर जाताना मागच्या गल्लीनं जायचं, आणि दसऱ्याला घट उठला की लगेच दोघींनी माझ्याकडं यायचं. इर्शाद रोज संध्याकाळी त्या गल्लीतनं मोटरसायकलवर चक्कर मारायचा. म्हणायचा, "माझं पहिलंच नवरात्र."

दसऱ्याच्या दिवशी तुम्ही आलात. मांडव, रांगोळी, सनई. कॅन्टीनच्या सगळ्या बायकांना सक्तीनं वाढायला लावलं होतं, रजा मागणारीचं काम जाईल म्हणून सांगितलेलं. सारिका श्रीखंडाच्या वाट्या भरत होती. मला येऊन म्हणाली, "आत्याबाईंनी सकाळीच घट उठवला. पिशवी भरून बसल्यात. पंगत उठली की जाऊ."

"मी येते तुझ्याबरोबर."

तुम्ही मुहूर्त बघून बटण दाबलंत. पडदा उजळला. तुम्ही भाषणात म्हणालात की या यंत्राला माझ्या बहिणींची लाज राखायची आहे. आपट्याची पानं वाटणं सुरू झालं. तांबवेकर सर तुमच्या पाया पडले.

मी, सारिका आणि इर्शाद रिक्षानं गेलो. जिन्याखालीच माणसं जमलेली. शेजारची बाई सारिकाला बघून मागं सरकली.

दार फोडलेलं नव्हतं. हौसाबाईंनी स्वतः उघडलं होतं. शेजारणीनं सगळं ऐकलं होतं. तो दारापाशी उभा राहून हळू आवाजात म्हणाला होता, "आई, मी दत्तू. सोनं द्यायला आलोय." त्याच्या हातात आपट्याची पानं होती. सणाच्या दिवशी पोरगा सोनं घेऊन दारात आलेला. बऱ्याच वेळानं कडी निघाली म्हणे.

त्यानं एकच गोष्ट विचारली, पुन्हा पुन्हा. सारिका कुठं आहे. शेजारणीच्या कानावर हौसाबाईंचं उत्तर आलं होतं, प्रत्येक वेळी तेच. "ती गेली. मला सोडून गेली." सारिका वाढत होती तो मांडव तिथनं चालत जाण्याइतका जवळ होता.

भरलेली पिशवी दाराशी होती. पानं सगळ्या फरशीवर पसरलेली. सारिका त्यांच्यापाशी बसली आणि त्यांचा वाकडा हात सरळ करायचा प्रयत्न करत राहिली, जणू तेवढं केलं की बाकीचं होईल. तिला मी उठवू शकले नाही. इर्शादनं पोलिसांना बोलावलं.

दत्तू एसटी स्टँडवर सापडला. त्याला शिक्षा झाली. पत्ता कुठनं मिळाला ते त्यानं कोर्टात सरळ सांगितलं. तुमच्या खात्यानं लेखी दिलं की अशी कुठलीही माहिती बाहेर गेल्याचं आढळत नाही.

पॅच आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लावला. तांबवेकर सरांनी चहा मागवला होता, तो गार व्हायच्या आत झालं. मशीन बंद झालं, सुरू झालं, काही बिघडलं नाही. एवढंच काम होतं, साहेब. दुसऱ्या माळेला एवढंच होतं.

सारिका दहाव्यापर्यंत माझ्याकडं राहिली. जाताना कुठं जाणार ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासूचा साधा मोबाईल माझ्या हातात दिला. "हा नेला तर यावरनं पण सापडीन," म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्या मशीनातनं त्यांचं नाव काढा मॅडम. तिथनं तरी सोडवा त्यांना."

मी गेले काढायला. बाई वारली तर नोंद बंद करायची सोय मशीनमध्ये होती, पण त्याला वरनं मंजुरी लागायची. मी नोंद मंजुरीला पाठवली, परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी तांबवेकर सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"नको वैजयंता. 'मृत' असा आकडा या योजनेत आजवर नाही. साहेबांना तो नकोय."

"सर, तुम्ही अंत्ययात्रेला आला होतात."

"मी कुठं नाही म्हणतोय," ते म्हणाले. "पण मशीनात त्या असू दे. कुणाचं काय बिघडतंय?"

पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपवलंत. इर्शाद स्वतःहून गेला, आता आखातात असतो. तांबवेकर सर निवृत्त झाले. रस्त्यात भेटले तर दुसऱ्या बाजूला जातात.

माझं विचाराल तर मला दसऱ्याला दार उघडता येत नाही. शेजारची पोरं सोनं घ्या सोनं घ्या करत येतात, कडी वाजवतात, आणि मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसते. दुसरं म्हणजे तो मोबाईल. मी तो चार्ज करते, रिचार्ज करते, का ते मला विचारू नका. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो वाजतो. सहा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. तुमच्याकडनं मेसेज येतो: 'हौसाबाई, आपण ओसरीत सुरक्षित आहात. आपला निवास पुढील महिन्यासाठी कायम ठेवण्यात आला आहे.'

पहिल्यांदा आला तेव्हा मी मोबाईल फेकून दिला होता. आता वाचते. कधी कधी वाचताना वाटतं की खरंच असतील कुठंतरी. दिव्यात तेल घालत असतील, डाव्या हातानं.

परवा तुम्ही बारा हजार म्हणालात तेव्हा त्यांनाही मोजलंत. ठीक आहे. तुमचं मशीन त्यांना जिवंत म्हणतं, तुम्ही माईकवर सुखरूप म्हणता, तर मग त्यांचा पत्ता तुमच्याकडं असणारच. पत्त्याशिवाय 'ओसरी'त नाव राहत नाही, हा तुमचाच नियम. मला हौसाबाईंना भेटायचंय. सारिका कधी आलीच तर तिलाही न्यायचंय. हौसाबाई कुठं राहतात, साहेब? खोली, गल्ली, मजला, सगळं सांगा. मी वाट बघतेय.